२१ ते ११

गेल्या रविवारी रात्री जेवणं आटपल्यावर लेक डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि मी ओट्यावरून फडकं फिरवत होते. तिच्या शाळेत यंदा दहावीच्या मुलांचं इयरबुक छापणार आहेत. ‘हिची चित्रकला बरी आहे’ एवढ्या पुण्याईवर सजावटीचं काम हिच्या गळ्यात पडलंय. स्क्रीनवर वर्गाचं पान होतं. सात उभ्या, सहा आडव्या अशा ४२ चौकटी, प्रत्येकीत एक चेहरा, खाली नाव. “हा बघ आई, हा दिवाळीनंतर बडोद्याला गेला ना, बाबांची बदली झाली त्याच्या,” असं म्हणत तिनं एका चौकटीवर टिचकी मारली, एक बटण दाबलं, आणि तो मुलगा गेला. त्याच्यामागचे सगळे आपोआप एकेक घर पुढे सरकले. शेवटच्या ओळीच्या टोकाला एक जागा मोकळी झाली. “भारी! इथं क्लास टीचर बसतील.”

सगळं मिळून दोन सेकंद लागले असतील. पण ते सरकणं माझ्या डोळ्यांपुढून हलेना. एसटीत खिडकीजवळचा माणूस उतरला की बाकावरचे बूड न उचलता खिडकीकडे सरकतात, अगदी तसं. जागा कुणाची होती याची खूणसुद्धा उरत नाही, फक्त रेक्झिन थोडा वेळ गरम असतं. रात्री दोनदा उठून पाणी प्यायले. नवऱ्यानं विचारलं, ॲसिडिटी का? हो म्हटलं. त्याला काय सांगणार, की लेकीनं एक चौकट पुसली म्हणून झोप लागत नाहीये?

दुसऱ्या दिवशी ती कल्पनांची यादी घेऊन आली. कुठल्या पानावर काय काढायचं याची. पहिल्या पानावर झुलत्या गोंड्याची चौकोनी काळी टोपी, हवेत उडवलेली. मग गुंडाळीचा कागद, त्याला लाल फीत. गरम हवेचा फुगा, कागदी विमान, दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेले फोटो, आणि शेवटच्या पानावर सूर्यास्ताकडे पाठमोरी चालत निघालेली पोरं. मी विचारलं, “तुमच्या शाळेत ही टोपी कोण घालतं गं?” ती म्हणाली, “कुणीच नाही. पण ग्रॅज्युएशन म्हटलं की टोपीच काढतात.” हल्ली बालवाडीतल्या पोरांनाही वर्षाखेरीला गाऊन चढवतात म्हणा, शेंबूड पुसायला टोपीचा गोंडा वापरणारा एक भाचा मी स्वतः पाहिलाय. तेव्हा टोपीवर मी फार बोलायचं कारण नव्हतं. तरी बोललेच. “अगं, जे बघितलंयस ते काढ ना. तुमच्या शाळेतला पाण्याचा नळ काढ. तो जिना काढ, ज्याच्यावरून तू पडली होतीस.” लेकीनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की आता हिच्या लहानपणीची गोष्ट येणार आणि ती लांबणार.

गोष्ट आलीच. पण तिच्यापुढे निम्मीच बोलले.

आमच्या वेळी इयरबुक नव्हतं, हस्तलिखित होतं. अंबाजोगाईच्या आमच्या शाळेत ते दरवर्षी २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर निघायचं. निघायचं म्हणजे काय, तर मुख्याध्यापक त्याची फीत सोडायचे आणि ते हवेत उंच धरून दाखवायचे, कारण प्रत एकच. ८०-९० पानं, कार्डशीटची, भोकं पाडून सुतळीनं शिवलेली, वर जिलेटिनचा कागद. मग वर्षभर वाचनालयाच्या तासाला ते एकेका वर्गात फिरायचं, एका बाकावर दोघींना दहा मिनिटं. पान उलटायच्या आधी बाई हात बघायच्या, धुतलेत का. उघडलं की मैद्याच्या खळीचा आंबूस वास यायचा. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलेला असायचा, त्यामुळे चिकटवलेल्या कागदांच्या कडांना किंचित हिरवट झाक. लेख लिहायला सुवाच्य अक्षराची चार-पाच मुलं ठरलेली. टाक आणि दौत. शीर्षकं काढायचं काम वेगळ्यांचं. चित्रकलेच्या सरांकडे मुंबईच्या पेपरांतल्या नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं होती, त्यावरून अक्षरांची वळणं गिरवायची. त्यातली कितीतरी अक्षररचनाकार कमल शेडग्यांची होती हे मला पुढे पुण्यात आल्यावर कळलं. आमच्यापुरती ती ‘नाटकाची अक्षरं’ होती. गांडुळांवरच्या लेखाचं शीर्षकही आम्ही नाटकाच्या अक्षरांत काढलं होतं.

आणि समास. पानाच्या चारी बाजूंना बोटभर रुंदीची पट्टी सोडायची आणि ती भरायची, हे आम्हा सजावटवाल्यांचं खरं काम. वेलबुट्टी, कुयऱ्या, शंख, गोपद्मं. टूथब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासला की बारीक तुषार उडतात. खाली कडुनिंबाची डहाळी ठेवायची, रंग वाळला की उचलायची, मागे डहाळीच्या आकाराचा पांढरा कागद. भेंडी आडवी कापून ठसा मारला की पाच पाकळ्यांचं फूल. दोरा रंगात बुडवून घडीच्या कागदात धरून ओढायचा, उघडल्यावर काय निघेल ते देव जाणे, पण जे निघेल त्याला ‘मोर’ म्हणायचं. कॅमलच्या पोस्टर कलरच्या बुटक्या बाटल्या, त्यात पांढरा नेहमी आधी संपायचा आणि जांभळा कधीच संपायचा नाही. लिहिणाऱ्याच्या टाकातून शाईचा थेंब पडला की तो आमच्याकडे यायचा. त्याला दोन्हीकडून पंख आणि वर दोन मिशा काढल्या की झालं फुलपाखरू. त्यामुळे आमच्या हस्तलिखितात फुलपाखरं फार. ‘टापटीप’ या विषयावरच्या एका दीड पानी निबंधात अकरा होती.

मी लेकीला टोपीवरून बोलले खरी, पण सातवीत पहिल्यांदा मला समास मिळाला तेव्हा मी काय काढलं होतं? दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी उतरत्या छपराचं घर आणि छपरावर धूर सोडणारं धुराडं. सरांनी ते पान हातात घेतलं, लांब धरलं, जवळ घेतलं. “हे धुराडं कुठं बघितलंस गं?” मी गप्प. “तुमच्या घरावर आहे?” नाही. “गल्लीत कुणाच्या?” नाही. “मग चूल कुठंय ह्यांची?” वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, चूल काढायची होतीस, धूर आपोआप निघाला असता. आमच्या गावी धाब्याची घरं, मातीची, आणि धूर निघायला छताला गवाक्ष असायचं. ते मी रोज बघत होते, चित्रात काढावं असं कधी वाटलं नाही. ते आपलं नेहमीचं. चित्रात नेहमीचं काय काढायचं?

सर आम्हाला चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसवायचे. आता म्हणे इंटरमिजिएटला ए ग्रेड असली की दहावीला ७ गुण जादा मिळतात, त्यामुळे क्लास लावून पोरं बसतात. आम्हाला मिळायचं ते फक्त प्रमाणपत्र, पण आम्ही ते दिवाणखान्यात लावायचो. त्या परीक्षेत दोन पेपर मला आयुष्यभर पुरलेत. एक संकल्पचित्र, म्हणजे दिलेल्या चौकोनात किंवा वर्तुळात आकार बसवून नक्षी भरायची. दुसरं स्मरणचित्र, म्हणजे बाजार, बसस्टँड, पाणवठा असं काहीतरी न बघता, आठवून काढायचं. मी संकल्पचित्रात पटाईत. कुठलीही मोकळी जागा द्या, मी ती अशी भरेन की ती मोकळी होती हे कळणार नाही. स्मरणचित्रात माझी माणसं लाकडी यायची. सगळी उजवीकडे तोंड केलेली, कारण डावीकडचं नाक मला यायचं नाही.

स्मरणचित्र यायचं २८ नंबरला.

तिचं नाव लिहीत नाही. हजेरीतला नंबर तेवढा सांगते. ती केजकडच्या एका वस्तीवरची, गावात आजीजवळ राहून शिकायची. आईबाप दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे जायचे, ते पाडव्याच्या आसपास परत. वर्गात अशा घरचे सात-आठ जण होते, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. उंच, हाडकुळी, दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची. बोलणं कमी, पण बोलली की एखादंच. एकदा सर आम्हाला संतकवी दासोपंतांची पासोडी, म्हणजे जाड कापडाचं पांघरूण, दाखवायला घेऊन गेले. पंतांनी त्या कापडावर ‘पंचीकरण’ हे वेदान्तावरचं लिखाण केलं, मोठाल्या अक्षरांत, मध्येमध्ये आकृत्या काढून. सर भारावून सांगत होते, मूळची ४० हात लांब, बघा रे, समास कसा सोडलाय बघा. सगळे माना हलवत होतो. ही मागून हळूच म्हणाली, “एवढी थोरली पासोडी, थंडीत कुणी पांघरली नसंल का?” सर आधी रागावले. मग परत येताना रस्ताभर आपल्याशीच हसत होते.

आठवीत होतो तेव्हाचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन, पाय दुखून मेल्यासारखे झोपलो होतो, आणि पहाटे चारच्या सुमाराला भांडी कोसळायला लागली. किल्लारीकडे काय झालं ते दिवसभरात कळत गेलं. आमच्याकडे भिंतींना भेगा गेल्या, माणसं वाचली. शाळा उघडली तेव्हा सरांनी विषय दिला नाही, नुसता कागद दिला. आम्ही सगळ्यांनी पडलेली घरं काढली. पेपरात फोटो आले होते, त्यावरून. मी तर ढिगाऱ्यातून बाहेर आलेला एक हात काढला होता, बांगड्यांसकट, आणि मनातून खूश होते. २८ नंबरनं गल्ली काढली होती. रात्रीची, वरून बघितल्यासारखी. रस्त्याच्या मधोमध ओळीनं बाजा टाकलेल्या, त्यांवर वाकळी पांघरून झोपलेली अख्खी गल्ली, कडेला एक कुत्रं, आणि दोन्हीकडे सताड उघडी दारं, आत कुणी नाही. आम्ही तेव्हा महिनाभर असेच झोपत होतो. मीही. सर त्या कागदाजवळ खूप वेळ उभे राहिले. त्या वर्षीच्या हस्तलिखिताचं मुखपृष्ठ तेच झालं. माझा हात आतल्या पानावर गेला. मला फार राग आला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पण तिला चित्रकलेचं तसं काही वेड नव्हतं. एलिमेंटरीला ती बसलीही नाही. फीचं कारण सांगितलं होतं. तिला वेड होतं ठिपक्यांच्या रांगोळीचं. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर बॉलपेननं ठिपके काढत बसायची. १५ ते ८ आम्हा सगळ्यांना यायची. तिची २१ ते ११ ची असायची. म्हणजे मधली ओळ २१ ठिपक्यांची, मग वर आणि खाली एकेक कमी करत ११ पर्यंत. एकूण ३३१ ठिपके होतात, मी मोजलेत. ठिपके कुणीही काढेल. जोडायला सुरुवात केली की आमची रेघ कुठेतरी चुकायची, एखादा ठिपका सुटायचा, मग ओढूनताणून कमळ करायचं. तिची रेघ कोपऱ्यातून निघायची, सगळ्या ठिपक्यांना वळसे घालत जायची, आणि हात न उचलता जिथून निघाली तिथे येऊन मिटायची. तास चालू असायचा, फळ्यावर प्रमेय. तिचं तोंड फळ्याकडे आणि हात वहीवर. मी एकदा विचारलं, कुठून सुरू करतेस? ती म्हणाली, “कुठूनबी.” मला वाटलं, सांगायचं नाहीये हिला.

दहावीच्या वर्षी, म्हणजे ९५ च्या नोव्हेंबरात, हस्तलिखितातलं ‘आमचा वर्ग’ हे पान माझ्याकडे आलं. वर्गात ५२ जण. सरांनी सांगितलं, चेहरे काढू नका, तुम्हाला येत नाहीत. ज्याची त्याची एकेक वस्तू काढा, खाली नुसता नंबर लिहा, लोकांना ओळखू द्या. मी बो-पेननं, काळ्या शाईत, पट्टी लावून ५२ चौकटी आखल्या. दीड इंच बाय दीड इंच. आठ दिवस गेले त्यात. मग भरायला घेतल्या. मॉनिटरचा डस्टर. वडिलांचं सायकलचं दुकान असलेल्याचं पंक्चर तपासायचं पाण्याचं घमेलं, त्यात ट्यूब आणि वर आलेले तीन बुडबुडे. घाटनांदूरहून येणाऱ्याचा एसटीचा पास. बारा महिने कानात कापूस घालणारीचा कापसाचा बोळा. शाळेमागच्या बागेत पेरू चोरताना सापडलेल्याला पेरू, अर्धा खाल्लेला. नववीत दोनदा बसलेल्याला मी कासव काढलं, आणि तो पुढे निरोप समारंभापर्यंत माझ्याशी बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं. माझ्या चौकटीत चावलेल्या टोकाची पेन्सिल. माझ्या मते ते अख्ख्या हस्तलिखितातलं सगळ्यात चांगलं पान होतं. माझं पहिलं स्मरणचित्रच म्हणा ना, माणसं नसल्यामुळे जमलेलं.

दिवाळीनंतर २८ नंबर आलीच नाही. तिची आजी वारली, असं कुणीतरी सांगितलं. घरी ठेवायला कुणी नाही म्हणून आईबाप बरोबर घेऊन गेले. ती कोपीवर, ऊसतोडवाल्यांच्या झोपडीत, धाकट्यांना सांभाळते, असं दुसऱ्या कुणी. हजेरीत पहिले काही दिवस तिचा नंबर पुकारला जायचा, एक क्षण थांबून बाई पुढे जायच्या. मग ते थांबणंही गेलं. सत्तावीस, एकोणतीस. मी तिची चौकट मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण तिथे काय काढायचं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि मला ते जमणार नव्हतं. दीड इंचात ३३१ ठिपके कुठले बसायला, असं मी मनाशी म्हणायचे. हे खरंही होतं. पण १५ ते ८ बसली असती. ५ ते ३ तर नक्की.

संक्रांत झाली. सरांना पानं शिवायला द्यायची होती. त्यांनी माझ्या पानावर नजर फिरवली, २८ वर थबकले. “ती आता यायची नाही. रिकामं दिसतंय ते. काहीतरी काढून टाक तिथं.”

मी कमळ काढलं. गुलाबी, आतून बाहेर फिकट होत गेलेलं, आठ पाकळ्या, चारी कोपऱ्यांत पानं, काठाला सोनेरी रेघ. परीक्षेत ए ग्रेड मिळवून देणारं कमळ. खाली नंबर लिहिला नाही. सर म्हणाले, “वा! सगळ्या पानात उठून दिसतंय बघ.” २६ जानेवारीला मुख्याध्यापकांनी हस्तलिखित उंच धरलं तेव्हा नेमकं तेच पान उघडलेलं होतं, आणि लांबून काही दिसत असेल तर ते कमळच.

मराठीत चित्रही काढतात आणि काटाही काढतात. भिंतीवरची तसबीर खाली उतरवायची तरी काढायचीच. शाळेतून दाखला काढतात. पोरांनी आईबापांचं नाव काढावं म्हणतात, आणि एखाद्याचा विषय नको असला की ‘त्याचं नाव काढू नकोस’ हेही म्हणतात. आठवणसुद्धा काढायचीच असते. सरांनी मला काय काढायला सांगितलं होतं? त्यांनी अर्थात सरळच सांगितलं होतं, मोकळ्या जागेत नक्षी काढ म्हणून. इतकी वर्षं त्या ‘काढून टाक’भोवती मीच फिरतेय.

जूनमध्ये निकाल लागला. गुणपत्रिका आणायला शाळेत गेले, तर कार्यालयाबाहेरच्या बाकावर ती बसलेली. शेजारी आई, आणि मधे धाकटा भाऊ, पाचवीत नाव घालायला आणलेला. मनगटात हिरव्या बांगड्या, गळ्यात काळे मणी, हात रापलेले, तळव्यांवर बारीक चिरा. पाचट कापतं तशा. मी साडेपंधरा वर्षांची होते, तीही तेवढीच. “किती पडले?” तिनं विचारलं. मी सांगितले. “लई भारी,” म्हणाली, मनापासून. मग गप्प. काय बोलावं ते दोघींनाही सुचेना म्हणून मी तिला वाचनालयात घेऊन गेले, हस्तलिखित दाखवायला. कसली बुद्धी सुचली होती कोण जाणे. शिपाईकाकांनी कपाट उघडून दिलं. ती उभ्यानंच पानं उलटत गेली, ‘आमचा वर्ग’वर थांबली. वस्तू ओळखून हसायला लागली. पेरू बघून तर तोंडावर हात धरून हसली. मग तिचं बोट ओळीनं फिरायला लागलं. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. कमळ. एकोणतीस. बोट परत मागे आलं. सत्तावीस, कमळ, एकोणतीस.

“कमळ लई चांगलं आलंय,” ती म्हणाली. “कुणी काढलं?”

“मीच.”

तिनं मान हलवली. मग पान उलटलं. बाहेर तिच्या आईनं हाक मारली. जाताना ती दारात वळून म्हणाली, “गुलाबी कसा केलास गं? फिका फिका होत गेलाय तो?” मी सांगितलं, पांढरा मिसळत जायचं, थोडा थोडा. “अस्सं,” म्हणाली. खरंच एवढंच बोलली. रागावली असती, टोमणा मारला असता, तर मला पुढे कधीतरी विसरता आलं असतं.

आई-बाबा गावी होते तोवर माझं जाणं-येणं होतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी एकदा शाळेत गेले, मुद्दाम. नवी इमारत झालीय, वाचनालय वरच्या मजल्यावर. जुनी हस्तलिखितं विचारली तर तिथल्या मॅडमनी एक खोकं दाखवलं. त्यात ८७ चं होतं, ९१ चं होतं, भूकंपाच्या वर्षीचं, ९४ चं, मुखपृष्ठाशिवाय होतं. ९६ चं नव्हतं. कसर लागलेली काढून टाकली, असं त्या म्हणाल्या. मोरचुदाचा काही उपयोग झाला नाही म्हणायचा. मी ९४ चं उघडून बघितलं. माझा ढिगाऱ्यातला हात जागच्या जागी होता, बांगड्यांसकट, रंग ताजा. बाजांवर झोपलेली गल्ली मात्र कुणीतरी सुतळीपासून नीट कापून नेली होती. कुणी नेली असेल याचे मी बरेच तर्क केले. त्यातला एक मला फार आवडतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवत नाही.

लेकीला यातलं मी भूकंपापर्यंत सांगितलं आणि मग एकदम कमळावर आले. मधलं गाळलं. ती पेन्सिलीचं टोक चावत ऐकत होती. ही सवय कुणाची, ते सांगायला नको. ऐकून झाल्यावर म्हणाली, “म्हणजे मी त्या मुलाला परत टाकू?” तुझं तू बघ, मी म्हटलं. तिनं सरळ फोन उचलून त्याला मेसेज केला. पाच मिनिटांत उत्तर आलं. ‘अरे नको! इथल्या इयरबुकमध्ये आहे मी. दोन्हीकडे आलो तर येडा दिसेन.’ पुढे हसून लोळणारे तीन चेहरे. लेकीनं फोन माझ्यापुढे धरला. तिला मला हरवल्याचा आनंद वगैरे झाला नव्हता, पण प्रश्न सुटला होता. बडोद्यालाही ४२ चौकटी असतील, आणि तिथे हा कुणाच्या तरी मागे नीट बसला असेल. मला हसू आलं. हायसंही वाटलं थोडं. आणि तरी काहीतरी तसंच राहिलं.

टोपी तिनं ठेवलीच आहे, पहिल्या पानावर. पण काल बघितलं तर टोपीखाली जिना आला होता, आणि तिसऱ्या पायरीवर एक तुटलेली चप्पल. ती पडली तेव्हाची. समासाचं काय करायचं, असं विचारत होती. वारली काढू का? सगळे वारलीच काढतात. मी म्हटलं, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं बघ आधी, त्यातली माणसं काम करत असतात, नुसती फेर धरत नाहीत. बरं, म्हणाली, आणि झोपायला गेली.

टेबलावर तिचा कागद पडला होता, कोरा, चौरस. पेन्सिलही. मी दिवा मोठा केला आणि बसले. मधली ओळ आधी. एकवीस. मग वर वीस, एकोणीस, दोन ठिपक्यांच्या मधोमध एक, असे. अकरापर्यंत जाऊन परत खाली. हात अजून बरा चालतो. खालच्या ओळीचा शेवटचा ठिपका काढला तेव्हा साडेबारा झाले होते. कुठूनबी, ती म्हणाली होती. मी डावीकडच्या कोपऱ्यावर पेन्सिल टेकवली, पहिल्या ठिपक्याला वळसा घातला, दुसऱ्याला, तिसऱ्याला. चौथ्यापाशी रेघ वर न्यायची की खाली, ते काही केल्या आठवेना.